पैसे अडकले की दाद कुठे मागायची? (डिजिटल व्यवहारांचे अनुभव)

तिठ्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. 'भारत कॅशलेससाठी तयार आहे का' यावर नोव्हेंबर २०१६पासून इतकं दळण दळून झालंय की नवीन मत मांडण्यात आता राम नाही. म्हणून या धाग्यावर मतं कमी आणि घडलेलं जास्त येऊ द्या. स्वतःचं, घरच्यांचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, काहीही चालेल. बँकेचं किंवा अ‍ॅपचं नाव मात्र नको, धागा उडतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. पैसे इकडून तिकडे नेण्यात आपण तयार आहोतच, बऱ्याच श्रीमंत देशांच्याही पुढे आहोत. यूपीआय एप्रिल २०१६चं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने महिन्याला १,००० कोटी व्यवहार ओलांडले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटी. तरी गंमत बघा, नोटाबंदीच्या वेळी साधारण १८ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, मार्च २०२४ मध्ये जवळजवळ ३५ लाख कोटींच्या. म्हणजे लोक कटिंगलाही स्कॅन करतात आणि कपाटातलं पाकीटही रिकामं होऊ देत नाहीत. माझ्या मते याचं एक मोठं कारण म्हणजे व्यवहार बिघडला तर पुढे काय, हे कोणालाच धड ठाऊक नसतं. तेव्हा त्या अंगाने लिहा. बिघडलं तेव्हा कोण उभं राहिलं?

गल्लेवाला

नाशिकला किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. क्यूआर लावला तेव्हा भीती होती ती बनावट स्क्रीनची. पोरं हिरवी टिकमार्क दाखवून जायची, खात्यात काही नाही. साउंडबॉक्स आला आणि तो प्रकार जवळपास थांबला. आता बोलला तर पैसे आले, नाही बोलला तर पिशवी काउंटरच्या अलीकडे.

खरा दणका वेगळाच बसला. होलसेलवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. शाखेत विचारलं तर म्हणे, "तुमच्या खात्यावर सायबरचा होल्ड आहे, दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचा. तिकडेच बोला." आणि कागदाच्या चिटोऱ्यावर एक ईमेल पत्ता लिहून दिला. झालं असं होतं की तिकडे कोणाला तरी गंडा घातला गेला, ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरले आणि त्यातल्याच एकाने माझ्याकडून ६५० रुपयांचं तेल-साखर नेलं. ६५० रुपयांपायी अख्खं चालू खातं बंद! गिऱ्हाइकाचे पैसे कुठून आलेत हे मी कसं ओळखायचं? नोट हातात आली असती तर तिचा इतिहास कोणी विचारला नसता.

उभा राहिला तो होलसेलवाला. महिनाभर उधारीवर माल दिला त्याने. आता क्यूआर वेगळ्या खात्याचा ठेवलाय आणि रोज रात्री तो रिकामा करतो.

फुकटचा सल्लागार

गल्लेवाले, तुमच्या लोकांचा दुसरा धसका मी बंगळुरात बघितला. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि आमच्या भागातल्या बेकरीवाल्याने, नारळपाणीवाल्याने रातोरात क्यूआर उतरवले. 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'च्या पाट्या लागल्या. ओरड झाल्यावर सरकार नरमलं. पाट्या गेल्या, पण नारळपाणीवाला अजूनही आधी "कॅश आहे का?" विचारतो.

अंगठेबहाद्दर

धडगाव तालुक्यात बँक मित्र आहे. वरची चर्चा वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे डिजिटल पेमेंट म्हणजे लोक माझ्याकडे येऊन मशीनवर बोट ठेवतात आणि कॅश घेऊन जातात.

काम कसं चालतं ते सांगतो. आधार नंबर, बँकेचं नाव, रक्कम, मग अंगठा. ना ओटीपी, ना पिन. ऐकायला सोपं आहे. पण ज्या बायाबापड्या ऊसतोडीला, वीटभट्टीला जाऊन आल्यात त्यांच्या बोटांवर रेघा उरलेल्याच नसतात. मी ओल्या फडक्याने बोट पुसून घेतो, मग कपाळावर नाहीतर केसांत घासायला सांगतो. तेलकटपणाने ठसा जरा उमटतो. अंगठा नाही तर तर्जनी, ती नाही तर दुसरा हात. एवढं करून ठसा लागला की रेंज जाते. पडद्यावर 'व्यवहार अयशस्वी', आणि खात्यातून पैसे मात्र वजा.

रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम मला पाठ आहे. असे कापलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण समोरच्या आजीला मी हे काय सांगू? तिच्या लेखी मशीन माझ्या हातात होतं, म्हणजे पैसे मीच खाल्ले. खात्री करायला शाखेत जायचं तर जीपचं भाडं आणि एक रोज बुडतो. आणि तिचा संशय अगदीच अनाठायी आहे असंही नाही. "लागला नाही, परत लाव" म्हणत दोनदा पैसे काढणारे आमच्या धंद्यात आहेत. म्हणून मी वही ठेवली आहे. मशीनची पावती त्यात चिकटवतो, खाली गावातल्या कोणा शिकलेल्या पोराची सही घेतो.

पुण्याचा टेस्टर

अंगठेबहाद्दर, मस्त लिहिलंय. शहरातल्यांसाठी भर घालतो. जमिनीच्या, घराच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून त्यांची रबरी नक्कल करायची आणि याच पद्धतीने खाती रिकामी करायची, असे गुन्हे वेगवेगळ्या राज्यांत उघड झालेत. ओटीपी लागत नसल्याने पैसे गेल्यावरच कळतं. आधारच्या अ‍ॅपमधून किंवा साइटवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. आजच करा.

अंगठेबहाद्दर

टेस्टरसाहेब, तुमचं बरोबर. पण आमच्याकडे लॉक केलं तर त्या माणसाला पैसे काढायचा दुसरा मार्गच नाही. एटीएम तालुक्याला, आणि त्यात कॅश असेल तर नशीब.

पुण्याचा टेस्टर

मुद्दा मान्य. मग यंत्रणेच्या बाजूने थोडं लिहितो, कारण सगळे शिव्याच घालतील असं दिसतंय. ऑनलाइन कार्ड वापरताना पासवर्ड किंवा ओटीपीचा दुसरा टप्पा आपण २००९ मध्ये सक्तीचा केला, तेव्हा अमेरिकेत नुसत्या कार्डावरच्या नंबरांवर खरेदी व्हायची. ऑक्टोबर २०२२पासून दुकानांच्या साइटवर कार्डाचा खरा नंबर साठवता येत नाही. 'मी फौजी आहे, तुमचा सोफा घेतो, ही रिक्वेस्ट स्वीकारा' छाप फसवणूक ज्यावर चालायची, ती माणसाकडून माणसाला जाणारी कलेक्ट रिक्वेस्ट (पैसे मागणारी विनंती, स्वीकारली की पैसे आपलेच जातात) ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली. उशिरा झाली, पण झाली.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून साधारण ९४ कोटी गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या स्विचच्या जागी स्वतःचं बनावट स्विच घुसवलं. २८ देशांतल्या एटीएमवर बनावट कार्डं घातली गेली आणि प्रत्येक वेळी 'पैसे द्या' हे उत्तर चोरांचंच होतं. यात ग्राहकाने ना पिन सांगितला होता, ना लिंकवर क्लिक केलं होतं. म्हणून 'लोक अडाणी आहेत म्हणून फसतात' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि सगळं एकाच रुळावरून धावत असलं की काय होतं ते २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ला दिसलं. यूपीआय देशभर अडखळलं आणि आमच्या कँटीनबाहेर डबा खाऊन झालेले पण पैसे न दिलेले इंजिनिअर ताटकळत उभे.

म्हापशेकर

शुक्रवारच्या बाजारात गर्दी वाढली की नेटवर्क जातंच, त्याला देशभराचा घोटाळा लागत नाही. चवरीसवाली (गोव्याचं सॉसेज विकणारी) बाई तर क्यूआरवर फडका टाकून ठेवते. ज्याला फार निकड आहे त्याच्यासाठीच तो उचलते.

निवृत्त शाखाधिकारी

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. जुलै २०१७चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. रक्कम दहा कामाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची असते. नियम चांगला आहे. मी शाखेत असताना त्याचा फलक लावला होता, तो वाचताना मात्र मला कोणी दिसलं नाही.

मेख अशी की हा नियम तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला आहे. तुम्ही स्वतः पिन टाकलात की कागदोपत्री तो तुमच्या संमतीचा व्यवहार. डिजिटल अरेस्टमधली (तोतया अधिकाऱ्याने फोनवरच 'अटकेत' ठेवलेली) माणसं तर स्वतः शाखेत येऊन पैसे पाठवतात. असे एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. शर्टाच्या खिशात फोन, कानात वायर. मुदत ठेव मोडायची आणि सगळी रक्कम आरटीजीएसने पाठवायची म्हणाले. मी कारण विचारलं की उत्तराआधी एक क्षण थांबायचे, जणू दुसरं कोणी सांगतंय. चहा मागवला. "सही जुळत नाही, परत करा," म्हणालो. अर्जाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवलं: फोनवर कोण आहे? त्यांनी पेन घेतलं आणि 'सीबीआय' लिहिलं. फोन काढून घेतला तेव्हा गृहस्थ थरथरत होते.

पैसे वाचले ते मी त्या दिवशी शाखेत होतो आणि काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून. हेच त्यांनी घरून मोबाइलवर केलं असतं तर चहा कोण मागवणार होतं?

जाईजुई

काका, अंगावर काटा आला वाचताना.

माझा अनुभव चोरीचा नाही, पण लिहिते. सोलापूर जिल्ह्यात बचत गटांबरोबर काम करते. घरोघरी फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. खातं बाईचं, मोबाइल नंबर त्याचा. जुलै २०२४पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० रुपये सुरू झाले, थेट बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात. पैसे आल्याचा मेसेज आधी कोणाच्या फोनवर वाजतो ते सांगायला नको. आमच्या गटातली एक जण म्हणाली, "ताई, डाळीच्या डब्यातले पैसे किती हे मला एकटीला ठावं असायचं. ह्या खात्यातलं सगळ्या घराला ठावं असतंय."

मी तिला यूपीआय शिकवायला गेले होते. अ‍ॅप टाकायचं तर सिम त्याचं, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि पिन ठेवला तरी "कुठला पिन ठेवलास?" हा प्रश्न संध्याकाळी येणारच. आमच्या गटातल्या बायका पैसे जमा झाले की त्याच दिवशी काढून आणतात. काढले की निदान निम्मे तरी कुठे ठेवायचे ते त्यांच्या हातात राहतं. सुरक्षित व्यवहारावर बोलताना चोर बाहेरचाच असतो असं आपण का धरून चालतो?

तिठ्यावरचा

जाईजुई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अजून लिहा, वेगळा धागा काढलात तरी चालेल.

नैरोबीकर

इथे केनियात एमपेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) २००७पासून आहे, साध्या बटणांच्या फोनवर चालतं, इंटरनेट लागत नाही. आपल्याकडे साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे मार्च २०२२ मध्ये आलं, पण गावाकडे ते वापरणारं मला कोणी भेटलेलं नाही. इथली मला आवडलेली गोष्ट म्हणजे चुकीच्या माणसाला पैसे गेले तर आलेला मेसेज ठरलेल्या नंबरवर पुढे पाठवायचा, समोरच्याने खर्च केले नसतील तर रक्कम तिथेच अडते. मी केलंय, परत मिळाले. वाईट बाजू अशी की सगळा कारभार मुख्यतः एकाच कंपनीच्या हातात, आणि बहुतेक व्यवहारांना शुल्क. यूपीआय फुकट आहे म्हणून सांगितलं की इथले सहकारी विचारतात, "मग तुमची तक्रार ऐकणाऱ्याचा पगार कोण देतं?"

मुरबाडची सून

धसई आठवतंय का कोणाला? डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजावाजा झाला, कॅमेरे, मंत्री, वडापाववाल्याकडे स्वाइप मशीन. ती हौस लवकरच फिटली आणि नोटा परत आल्या. आता आमच्या भागात टपरीवरसुद्धा क्यूआर आहे आणि त्याचं उद्घाटन करायला कोणी आलं नव्हतं.

लिंबूटिंबू

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा अनुभव कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. भावाच्या फोनवर वीज तोडण्याचा मेसेज, मग अ‍ॅप टाकायला लावलं, ७८,००० गेले. त्याने लगेच १९३०ला फोन लावला. लागेना, पुन्हा लावला, लागला. बाई शांतपणे विचारत होत्या: व्यवहार क्रमांक, वेळ, बँक. पुढच्या खात्यात ४१,००० अडवले गेले, बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते.

आम्हाला वाटलं अडवलेले आता परत येतील. तसं नव्हतं. शाखेत अर्ज, पोलीस ठाण्याचं पत्र, मग न्यायालयाचा आदेश. तारखा पडत गेल्या. मिळाले शेवटी, ४१,०००च्या ४१,०००.

फुकटचा सल्लागार

वकील लागला का?

लिंबूटिंबू

लागला. फी रोख घेतली त्याने.