पावसाळ्यात बाळ येणार आहे: आधी नेमके काय घेऊन ठेवावे?

नमस्कार. आमच्याकडे जुलैच्या अखेरीस पहिले बाळ येणे अपेक्षित आहे. रीतीप्रमाणे पत्नी बाळंतपणासाठी माहेरी, रत्नागिरीला जाणार असून दिवाळीच्या सुमारास, बाळ साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर, आम्ही तिघे पुण्याला परतू. त्यामुळे आमची खरेदी दोन घरांत विभागली जाणार आहे, आणि बाळाचे पहिले महिने ज्या घरात जाणार तिथे ऐन श्रावणात सुती कपडासुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही. दुकानदारांकडून ज्या याद्या मिळतात त्या जणू बारमाही उन्हाच्या गावासाठी केलेल्या असतात, म्हणून अनुभवी मंडळींना येथे विचारत आहे.

जे ठरले आहे ते आधी सांगतो, म्हणजे त्यावर कोणाचा वेळ जाणार नाही. चाकांचा वॉकर घेणार नाही. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे आणि आमच्या डॉक्टरांचेही मत तेच आहे. पावडर आणि काजळही नको. दुधाच्या बाटल्या आणि त्या निर्जंतुक करण्याचे यंत्र आत्ता घेणार नाही, कारण पहिले सहा महिने केवळ आईचे दूध हाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि वरचे द्यावेच लागले तर डॉक्टरांना विचारून वाटी-चमच्याने किंवा घरातल्या बोंडल्याने देता येईल. (बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, तरी प्रत्येक यादीत बाटली वरच्या पाचांत असतेच.) पत्नीला सव्वीस आठवड्यांची रजा असल्यामुळे दूध काढण्याच्या पंपाचा निर्णय पुण्याला आल्यावर घेऊ. डिजिटल थर्मामीटर मात्र घेतला आहे, कारण तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक भरला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचे असते.

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणू नये, असे सासूबाईंचे मत आहे. त्यांच्या मनाला लागेल असे काही करायचे नाही, म्हणून जुनी मऊ सुती लुगडी आणि धोतरे फाडून शिवलेले लंगोट, झबली व दुपटी ही ‘खरेदी’ धरायची नाही, असा तोडगा दोन्ही घरांनी मान्य केला आहे. थर्मामीटरही त्याच सवलतीत बसवला.

पहिला प्रश्न लंगोटांचा. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी किमान सहा वेळा लघवी करते, प्रत्यक्षात बरेचदा अधिक, आणि शी वेगळी. रोज बारा ते पंधरा लंगोट लागतील आणि ते वाळायला दोन दिवस जातील असे धरले, तर अंगावरचे, दोरीवरचे आणि कपाटातले मिळून पंचेचाळीसच्या आसपास हवेत. हा हिशेब बरोबर आहे का? आत जाड गादी असलेले नव्या पद्धतीचे कापडी डायपर पावसाळ्यात वाळायला आणखी वेळ घेतील, अशी मला शंका आहे. रात्रीपुरते तयार डायपर वापरायचे असे पत्नीच्या मनात आहे, पण सर्वांत लहान माप साधारण पाच किलोपर्यंतच चालते आणि काही बाळे त्यातून लवकर बाहेर पडतात, म्हणून एकाच लहान पुड्यापलीकडे साठा करू नये असे वाटते.

वाळवण्याचा मुद्दा याहून अवघड आहे. सासरी पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाचे कपडे वाळवत, वर ओव्याची धुरीही देत. बाळ-बाळंतीण असलेल्या बंद खोलीत निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि धूर नवजात बाळाच्या फुप्फुसांना मानवत नाही, त्यामुळे ते त्या खोलीत तरी होणार नाही. मग पर्याय काय? विजेचा ड्रायर, पंख्याखाली घडीचा स्टँड, की शेवटची ओल इस्त्रीने काढणे? कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळ जाते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचेच उत्तर मला हवे आहे.

दुसरा प्रश्न झोपण्याच्या जागेचा, आणि याच बाबतीत घरात सर्वांत जास्त चर्चा झाली आहे. आजोळचा सागवानी पाळणा माळ्यावर आहे. त्याच्या दांड्यांतील अंतर सुमारे सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये असे वाचले, ते मी स्वतः मोजून पाहणार आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०२२ चा सल्ला असा आहे की, बाळाला पाठीवर, कडक आणि सपाट गादीवर, उशी व जाड पांघरुणाशिवाय झोपवावे आणि निदान पहिले सहा महिने त्याचे अंथरूण आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळे असावे. म्हणजे डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी बाद होते. साडीच्या झोळीतही बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. सासूबाईंच्या तिन्ही मुलांनी मोहरीची उशी वापरली आहे, त्यामुळे हे त्यांना पटवणे सोपे नाही. ज्यांनी असा विषय घरात समजुतीने सोडवला त्यांनी कसा ते सांगावे. शिवाय डासांसाठी मच्छरदाणी लागणारच. झुलत्या पाळण्यावर ती सैल लोंबू न देता कशी बसवतात?

तिसरा प्रश्न परतीच्या प्रवासाचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या आसनात सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंड नसता तरी घाटातून बाळाला मांडीवर घेऊन जाण्याची माझी तयारी नाही. आमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्सचे (मुलांचे आसन पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवण्याचे) हुक नाहीत आणि मागच्या मधल्या जागेला केवळ कमरेचा पट्टा आहे, म्हणून आसन मागे खिडकीकडच्या जागेवर, तिरक्या पट्ट्याने, मागे तोंड करून बसवावे लागेल. सव्वा-दीड वर्षापर्यंतच चालणारे, मुठीचे टोपलीसारखे आसन घ्यावे, की जन्मापासून चार वर्षांपर्यंतचे एकच? पहिले लहान बाळाला नीट बसते असे म्हणतात, दुसऱ्याने पैसे वाचतात. वापरलेले आसन स्वस्तात मिळते आहे, पण त्याला कधी अपघात झाला होता का हे कळायला मार्ग नाही, म्हणून मी ते नाकारण्याच्या विचारात आहे.

इतक्या लहान बाळाला अशा आसनात सलग दोन तासांहून अधिक ठेवू नये असा सल्ला असल्याने वाटेत थांबे घ्यावेच लागतील. आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे आणि कुंभार्ली घाटाने कराडमार्गे असे दोन्ही रस्ते आम्हाला खुले आहेत. तान्ह्या बाळाला घेऊन यांपैकी एखाद्या रस्त्याने आलेल्यांनी बाळाला पाजण्यासाठी आणि कपडे बदलण्यासाठी स्वच्छ, आडोशाची जागा कोठे मिळाली ते कृपया लिहावे.