मदत हवी आहे: डेंग्यूबाधित पेशी मरताहेत की नुसत्या मंदावल्यात?

नमस्कार मंडळी,

पेशीसंवर्धन आणि विषाणू या दोन्हींवर हात बसलेल्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे.

हुह-७ या यकृताच्या पेशींमध्ये डेंग्यू-२ चा संसर्ग करतोय. विषाणूचा स्टॉक सी६/३६ या डासाच्या पेशींमध्ये वाढवलेला, टायटर (मिलिलिटरमागे संसर्गक्षम विषाणू किती) व्हेरो या माकडाच्या पेशींवर प्लाक, म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोकं, मोजून काढलेला. एमओआय १, म्हणजे पेशीमागे सरासरी एक संसर्गक्षम विषाणू. दोन तास विषाणू चिकटू द्यायचा, धुवायचं, मग २% सीरम असलेला मीडिया. ४८ तासांनी एमटीटी (पेशींचा चयापचय रंगावरून मोजणारी चाचणी) केलं की बाधित वेलचं (प्लेटमधल्या खळग्याचं) वाचन नियंत्रण वेलच्या जेमतेम निम्मं येतं, आणि हे दर वेळी येतं.

पण सूक्ष्मदर्शकाखाली कत्तल झाल्यासारखं काहीच दिसत नाही! पेशी तळाला धरून आहेत, थोड्या फुगलेल्या, आत दाणेदार, मधूनमधून मोकळी जागा. ट्रिप्सिनने सोडवून ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) दिला तर निळ्या पेशी शोधाव्या लागतात. संसर्ग झालाय यात शंका नाही: आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचं आरएनए वाढतंय, वरच्या मीडियातून प्लाक मिळताहेत.

आमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, 'विषाणूने निम्म्या पेशी मारल्या' असं लिहून मोकळं व्हा. माझं मन धजत नाही. नक्की काय करून पाहू? फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) आठवड्यातून एकदाच मिळतो, त्यामुळे आधी हाताशी आहे त्यातून काय कळेल ते सांगा.

प्रतिसाद १

मन धजत नाही ते बरोबरच आहे. एमटीटी मृत्यू मोजतच नाही. पिवळ्या क्षाराचा जांभळा फॉर्मझान होतो तो मुख्यतः पेशीतल्या एनएडीएच या चयापचयातल्या रेणूच्या जोरावर. म्हणजे तुमचा आकडा हा 'किती पेशी' गुणिले 'प्रत्येकीचा चयापचय' असा असतो, आणि डेंग्यू नेमक्या या दोन्हींत ढवळाढवळ करतो. त्याचं एनएस४बी हे प्रथिन मायटोकॉन्ड्रिया लांबट करतं असं दाखवणारं काम आहे, एनएस२बी/३ प्रोटिएज मायटोफ्युजिन (मायटोकॉन्ड्रिया एकमेकांना जोडणारं प्रथिन) कापतं असं दाखवणारंही आहे. जे यंत्र विषाणूने आधीच हलवलंय त्यावरच तुम्ही वजन करताय.

साधा हिशोब बघा. नियंत्रणातल्या पेशी ४८ तासांत एकदाच दुप्पट झाल्या आणि बाधित पेशी होत्या तेवढ्याच राहिल्या, तर एकही न मरता तुमचं वाचन ५०% येईल. म्हणून पुढच्या वेळी एक जादा प्लेट लावा आणि संसर्गाच्या वेळीच तिचं एमटीटी आणि पेशीमोजणी उरका. ४८ तासांचं बाधित वाचन या शून्य तासाच्या वाचनाच्या खाली गेलं की वर राहिलं, हे आधी कळू द्या. एका प्लेटचा खर्च, पण निम्मा वाद तिथेच मिटतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण ट्रिपॅन ब्लूवरही फार विसंबू नका. मेलेल्या पेशी सुटून मीडियात तरंगतात. तुम्ही मीडिया ओतून दिलात, धुतलंत, मग ट्रिप्सिन घातलंत, तर मोजायला जिवंतच उरणार. मीडिया, धुवण आणि सोडवलेल्या पेशी एकत्र सेंट्रिफ्यूज करून मग मोजा.

सोबत एलडीएच (पेशीच्या आतलं एक एन्झाइम) मोजा. पेशीपटल फुटलं की ते बाहेर येतं. फक्त गाईच्या सीरममध्येही एलडीएच असतं, तेव्हा पेशी नसलेल्या २% सीरमच्या मीडियाचं वाचन वजा करायला विसरू नका, नाहीतर नवाच गोंधळ.

आणखी एक. एमओआय १ म्हणजे सगळ्या पेशी बाधित नव्हेत. प्वासाँच्या (यादृच्छिक वाटपाच्या) हिशोबाने पहिल्या फेरीत ६३% पेशींनाच विषाणू मिळतो, उरलेल्या ३७% कोऱ्या. तेही टायटर हुह-७ वर काढलं असतं तर! व्हेरोवरचा आकडा इथे जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. एमओआय ५ ला हे प्रमाण ९९% च्या वर जातं. दोन्ही लावून बघा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. शून्य तासाची प्लेट हे डोक्यातच आलं नव्हतं. एक उपप्रश्न: समजा थोड्या पेशी खरंच मरत असतील, तर त्या बाधितच असतील ना?

प्रतिसाद ३

गृहीत धरू नका. बाधित पेशीतून निघालेल्या सायटोकाइनमुळे शेजारची कोरी पेशी मरू शकते, आणि बाधित पेशी मात्र विषाणूने पेशीमृत्यू लांबवल्यामुळे तग धरून राहू शकते. कव्हरस्लिपवर पेशी वाढवा, फिक्स करा, पटल सच्छिद्र करा आणि ४जी२ प्रतिपिंडाने विषाणूचं ई प्रथिन रंगवा, दुसऱ्या रंगात कापलेलं कॅस्पेज-३ (पेशीच्या नियोजित मृत्यूची खूण). ४जी२ उंदराचं असतं, तेव्हा कॅस्पेजचं सशाचं घ्या, म्हणजे दोन रंगांची गल्लत होणार नाही. दोन्ही रंग एकाच पेशीत की वेगवेगळ्या, हे फ्लोशिवायही दिसतं. आकडे हवे असतील तेव्हा तीच जोडी फ्लोवर न्या.

आता नियंत्रणाचं. तुमचं 'नियंत्रण' म्हणजे नुसता ताजा मीडिया का? सी६/३६ च्या वापरलेल्या मीडियात त्या पेशींचा बराच उकिरडा असतो. बाधित न केलेल्या सी६/३६ चा तितक्याच दिवसांचा, तसाच गाळलेला मीडिया हे खरं मॉक (विषाणूविना नियंत्रण). त्याशिवाय अतिनील प्रकाशाने निष्क्रिय केलेला तोच स्टॉक. प्लाक पूर्ण बंद झाले याची खात्री करूनच वापरा.

प्रतिसाद १

आणि स्टॉकची मायकोप्लाझ्मा चाचणी. ते जिवाणू स्वतःच एमटीटी जांभळं करतात, म्हणजे वाचन कुठल्याही दिशेला फसवेल.

धागाकर्ता

मॉक ताज्या मीडियाचंच होतं, बदलतो. मायकोप्लाझ्माची पीसीआर आजच लावतो. शून्य तासाची प्लेट, तरंगत्या पेशींसह मोजणी आणि एलडीएच या खेपेला एकत्रच करेन, कव्हरस्लिप त्यानंतर. तोवर मार्गदर्शकांच्या मसुद्यातलं ते वाक्य 'एमटीटी वाचन निम्म्यावर आलं' एवढंच ठेवतोय. कुणाकडे हुह-७ साठी ४जी२ आणि कॅस्पेज एकत्र रंगवण्याची चालणारी फिक्सेशन पद्धत असेल तर इथेच टाका, मेथेनॉल की पॅराफॉर्मल्डिहाइड यावरच अडलोय.