मदत हवी आहे : पारधी बेड्यांवरील गरजांचा अभ्यास आणि जातीच्या दाखल्याचा प्रश्न

नमस्कार. सार्वजनिक धोरण या विषयातील संशोधनासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातील फासेपारधी बेड्यांवर (पारध्यांच्या वस्त्यांवर) लोकांच्या गरजा नोंदवीत आहे. प्रश्नावलीत पाणी, रस्ता, घरकुल असे रकाने आखून नेले होते. पण पहिल्याच बेड्यावर एका आजींनी पदराची गाठ सोडून, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले रेशनकार्ड माझ्यापुढे धरले आणि नातवाच्या दाखल्याचे तेवढे बघा, असे सांगितले. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे पूर्वज पालांवर जगले, ज्यांच्या नावे ना सातबारा ना शाळेची नोंद, आणि गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द होऊनही ज्यांच्यावरचा शिक्का पुसला गेला नाही, त्यांनी हा पुरावा आणावा कोठून? माझ्या मते वगळले जाण्याची सुरुवात येथूनच होते.

कोतवाल बुकातील (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील) जुन्या नोंदी किंवा गृहचौकशी (अधिकाऱ्यांनी घरी जाऊन केलेली चौकशी) यांच्या आधारे दाखला मिळाल्याचा कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर कळवावा. तसेच, गावातील मंडळी बसली की बेड्यावरच्या बाया गप्प होतात. त्यांच्याशी वेगळी बैठक कोणत्या वेळी आणि कोणाच्या मध्यस्थीने घ्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.