दोन भागांच्या साच्यासाठी सी-क्लॅम्प पुरेसे आहेत, की बोल्टच हवेत?

प्रश्न

नमस्कार. पॉलियुरेथेन रेझिन ओतण्यासाठी मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा दोन भागांचा साचा तयार केला आहे. साचा उभा ठेवून वरून रेझिन ओततो. आतली पोकळी सुमारे ३०० मिमी उंच आणि २०० मिमी रुंद असून भोवतीची फ्लँज, म्हणजे दोन भाग एकमेकांना टेकतात ती बाहेर आलेली सपाट कड, ८ मिमी जाडीची आहे. सध्या चार कोपऱ्यांना चार सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे सी आकाराचे शिकंजे) लावतो. कोपरे घट्ट बसतात, परंतु उभ्या कडेच्या मध्यावर रेझिन झिरपते आणि वस्तू बाहेर काढल्यावर तिथे नखाने सोलता येईल असा पातळ पापुद्रा निघतो. क्लॅम्प आणखी आवळले, तर गळती थांबण्याऐवजी वाढली. शिवाय दोन्ही भाग किंचित सरकल्यामुळे जोडरेषेवर सुमारे अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहते. अधिक ताकदीचे क्लॅम्प घ्यावेत, की फ्लँजला भोके पाडून बोल्ट लावावेत?

उत्तर १

ताकद कमी पडत आहे, असे मला वाटत नाही. हिशेब करून पाहा. रेझिनची घनता पाण्याच्या १.१ पट धरली, तर ३०० मिमी खोलीवर दाब सुमारे ३.२ किलोपास्कल येतो आणि सरासरी त्याच्या निम्मी. तुमच्या पोकळीच्या क्षेत्रफळावर त्याचा एकूण जोर जेमतेम १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका भरतो. एम ६ चा, म्हणजे ६ मिमी व्यासाचा, एकच बोल्ट ३ न्यूटन-मीटर इतका हलका आवळला, तरी तो सुमारे २५०० न्यूटनने धरतो.

खरी अडचण फ्लँजच्या वाकण्याची आहे. सारख्या पसरलेल्या दाबाखाली दोन आधारांमधला वाक त्यांच्यातील अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने घटतो. उभ्या कडेच्या मध्यावर एक आधार वाढवून अंतर निम्मे केले, की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. जाडी दुप्पट केली, तर आठव्या. म्हणून दोन मोठ्या क्लॅम्पांपेक्षा सहा लहान बोल्ट केव्हाही चांगले.

आवळल्यावर गळती का वाढली, याचा माझा तर्क असा, की क्लॅम्पचा जबडा फ्लँजच्या अगदी बाहेरच्या कडेवर बसत असावा. तिथे दाबले, की आतली, म्हणजे पोकळीलगतची कड उघडते. पोकळीभोवती सुमारे १० मिमी रुंदीची पट्टीच एकमेकींना टेकू द्या, त्याबाहेरचा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर खाली घ्या आणि बोल्ट त्या पट्टीच्या शक्य तितके जवळ ठेवा.

पीएलए सततच्या दाबाखाली हळूहळू दबते आणि बोल्ट आपोआप सैल पडतो. साध्या १२ मिमी वॉशरऐवजी १८ मिमीचा रुंद वॉशर घेतला, तर टेकण्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट होते. त्याहूनही उत्तम म्हणजे दोन्ही बाजूंनी फ्लँजच्या लांबीची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावणे.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे; केवळ पायरीबद्दल लिहितो. एम ६ बोल्टसाठी भोक सर्वसाधारणपणे ६.६ मिमीचे पाडतात. त्या ०.६ मिमीच्या मोकळीकीत दोन भाग सरकणारच, त्यामुळे भाग जुळवण्याचे काम बोल्टकडे कधीही देऊ नये. त्यासाठी दोन डॉवेल पिना, म्हणजे भाग नेमके जुळवणाऱ्या बिनआट्यांच्या गोल खुंट्या, वेगळ्या लावाव्यात. एका पिनेसाठी नेमके गोल भोक आणि दुसरीसाठी पहिलीच्या दिशेने लांबट खाच ठेवली, म्हणजे प्रिंटमधील आकुंचनामुळे भाग अडकत नाहीत. पिना मध्यापासून असमान अंतरावर ठेवाव्यात. साचा उलटा जोडण्याची चूक मग होऊच शकत नाही. आधी पिना बसवा, मग सगळे बोल्ट हाताने टेकवा आणि त्यानंतरच समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

उत्तर ३

साचा उघडण्याचाही विचार आत्ताच करावा, अशी विनंती. रेझिन घट्ट झाल्यावर जोडरेषेत स्क्रू-ड्रायव्हर घालून भाग उचकटले, तर टेकणारी पट्टी पहिल्याच वेळी चेपते आणि पुढचे प्रत्येक ओतकाम तिथूनच गळते. माझा एक चांगला साचा असाच वाया गेला. त्याऐवजी एका भागात, जोडपृष्ठाच्या बाजूने केलेल्या खाचेत, नट बसवा. त्यातून फिरवलेला बोल्ट समोरच्या भागावरील धातूच्या चकतीवर टेकला, की साचा सरळ उघडतो. असे दोन बोल्ट समोरासमोर असावेत आणि ते थोडे थोडे, सारखे फिरवावेत.

ओतण्यापूर्वी सर्व आट्यांना पेट्रोलियम जेली लावा, कारण आट्यांत गेलेले रेझिन पान्याला दाद देत नाही. टॉगल क्लॅम्प (दांडी दाबताच बंद होणारे क्लॅम्प) रोज अनेक वेळा साचा उघडायचा असेल तरच घ्यावेत. तुमच्या कामाला विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचे पंखांचे नट, पुरतील. आणखी एक गोष्ट: पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि जाड ओतकामात रेझिन स्वतःच तेवढे तापू शकते. तसे झाल्यास कोणताही बोल्ट साचा सरळ ठेवू शकणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्लॅम्प तपासले, जबडे खरोखरच बाहेरच्या कडेवर बसत होते. आता फ्लँज १२ मिमीची करून प्रत्येक उभ्या कडेला तीन एम ६ बोल्ट, मागे ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन डॉवेल पिना असा नवा आराखडा काढत आहे. उघडण्याच्या बोल्टसाठी वरच्या व खालच्या कडेला जागा ठेवली आहे.