मदत हवी आहे: १५ वर्षांची गाडी रिपासिंग करून ठेवावी की विकावी?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. घरात एकच चारचाकी, ९९८ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १९ पासिंग. जानेवारी २०११ मध्ये आबांनी कपाशीच्या पैशांतून रोख घेतली होती. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. येत्या जानेवारीत नोंदणीची १५ वर्षं भरतात, म्हणून दिवाळीनंतर निर्णय घ्यावाच लागेल.

रिपासिंगची फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. तेवढं केलं आणि गाडी फिटनेसला पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात. तो खर्च जड नाही. खरी अडचण मे महिन्यात कळली.

मायला महिन्यातून दोनदा दवाखान्यासाठी धुळ्याला न्यावं लागतं. त्या दिवशी दुपारी एक वाजता परत निघालो, बाहेर ४४ अंश. अर्ध्या वाटेत टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली आणि मायला पाऊण तास निंबाखाली बसवलं. गुडघे दुखत असताना ती मातीत बसली होती, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

मिस्त्रीने रेडिएटरचा फॅन आणि थर्मोस्टॅट बदलला. तरी दर पंधरा दिवसांनी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बोटभर कमी होतं. खाली थेंब दिसत नाही. एक जण म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं, दुसरा म्हणतो वॉटर पंप. क्लचप्लेट, पुढचे शॉकअप आणि एसीचा कॉम्प्रेसर धरून ४८ हजारांचा अंदाज दिलाय. त्यात इंजिन खोलण्याचा खर्च नाही. गाडीला गिऱ्हाईक ७० हजारांचं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवीन घेण्याचा विचार डोक्यात आला. पण महिन्याचं फिरणं जेमतेम ५०० किलोमीटर. तेवढ्यासाठी ५ वर्षं हप्ता भरायचा? शेतीचा पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. त्यामुळे मला कर्ज नकोसं वाटतं. आबांचं तर एकच, "चाली ऱ्हायनी ना गाडी, मंग कसाले इकनी?"

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि आमची गाडी त्याच्या आधीची. त्यामुळे रबरी पाइप, फ्युएल पंप यांचं कोणाला काही झालंय का?

माझा कल असा आहे की आधी कूलंटचं प्रेशर टेस्टिंग आणि इंजिनचं कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. हेड गॅस्केट शाबूत निघालं तर ४८ हजार घालून ठेवावी, गेलेलं असेल तर विकावी. हे बरोबर आहे का? जळगाव-धुळ्याकडच्या उन्हात १५ वर्षांवरची गाडी कोणी चालवत असेल तर कृपया सांगा, दुपारी घरच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन ४० किलोमीटर निर्धास्त जाता येतं का? आणि या दोन्ही तपासण्या नीट करणारा मिस्त्री धुळ्यात कोणत्या भागात सापडेल?