तंजावर: आईला मराठी शिलालेख दाखवायचाय, चार दिवस कसे लावू?

वेण्णाकाठ:

नमस्कार. मी साताऱ्याची. संक्रांतीच्या आसपास आईला घेऊन तंजावरला जायचं पक्कं केलंय. आई ७३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चौथीला तिने वर्षानुवर्षं शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवला. ती म्हणते, "महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांचं नाव यायचं आणि जायचं. तिकडे पुढे काय झालं, हे एकाही मुलाला मी सांगू शकले नाही." तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे असं तिने कुठेतरी वाचलं, तेव्हापासून तिला तो बघायचाय.

अडचण अशी की तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. सपाटीवर अर्धा तास चालते, पण पायऱ्या दोन-चारच. सोबत मी आणि अकरावीतला माझा मुलगा. हातात चार दिवस. एका टूरवाल्याने तंजावर, कुंभकोणम, नवग्रहांची नऊ मंदिरं, चिदंबरम, रामेश्वरम आणि मदुराई एवढं सगळं त्यात बसवून दिलंय. मला ते वाचूनच धाप लागली. मुक्काम तंजावरला करू की कुंभकोणमला? आणि तो शिलालेख नेमका कुठे आहे?

मोडीवेडा:

ताई, तो कार्यक्रम आधी बाजूला ठेवा. रामेश्वरम-मदुराई ही वेगळी यात्रा आहे. तुमच्या आई एका भिंतीसाठी निघाल्यात, मग त्या भिंतीला वेळ द्या. मी मोडी शिकायला लागल्यापासून तंजावरला दोनदा जाऊन आलो, त्या अनुभवावरून सांगतो.

शिलालेख आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भिंतींवर आहे. मुख्य मंदिराच्या जोत्यावर सगळीकडे अक्षरं दिसतील, पण ती तमिळ, हे मंदिर बांधणाऱ्या खुद्द राजराज चोळाच्या काळातली. मंदिराच्या सेवेला आणलेल्या ४०० नर्तकींची नावं, कोण कोणत्या गल्लीत राहायची, हेसुद्धा तिथे कोरून ठेवलंय. पहिल्या खेपेला मी त्यातच मराठी शोधत बसलो आणि ऊन चढल्यावर परत फिरलो. तुम्ही आत गेल्यावर सरळ मागच्या बाजूला जा. आपला लेख १८०३ मधला, तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरून घेतलेला, आणि देवनागरीत. मोडी येत नसली तरी आईंना वाचता येईल. शब्द सलग कोरलेत, भाषा जुनी आहे, त्यामुळे पहिली पाच मिनिटं डोळा लागत नाही. मग एक शब्द सुटतो आणि त्याच्या मागोमाग पुढचा.

वेळ महत्त्वाची. दुपारी बारा-साडेबारा ते चार गाभारा बंद असतो, आणि फरशी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. सकाळी सहा-साडेसहाला जा, नाहीतर चारनंतर. मी तर म्हणेन दोन्ही वेळा जा. २१६ फुटांचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, सकाळी वेगळं दिसतं आणि उन्हं उतरल्यावर मधासारखं होतं. १०१० साली पुरं झालेलं सगळं काम ग्रॅनाइटचं, आणि जवळपास ग्रॅनाइटचा डोंगर नाही! या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं तिथे कुणीतरी हमखास सांगेल. सावली पडते, मी तिच्यात बसलोय. मुलाला हे खोटं ऐकवू नका, खरं आहे तेच पुरेसं मोठं आहे.

मधली दुपार राजवाड्याला द्या. आधी कांस्यमूर्तींचं दालन. तिथे तिरुवेंकाडूहून आलेला १०११ सालचा वृषवाहन शिव आहे. पाय एकमेकांत अडकवून आरामात उभा, डोक्याला जटांचंच पागोटं, एक हात कोपरात वाकवून नंदीवर टेकवलेला. आता तिथे नंदीच नाही. हात मोकळ्या हवेवर टेकलाय, तरी शेजारी बैल आहे असंच वाटत राहतं. आईंना त्याच्यासमोर थोडं बसू द्या.

मग सरस्वती महाल. ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप आलं ते सरफोजीराजांमुळे. ताडपत्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू-मराठी हस्तलिखितं, मोडी कागदांचे गठ्ठे. राजांनी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट करून घेतल्या होत्या, त्याही इथल्याच. १८०५ च्या सुमारास त्यांनी छापखाना काढून देवनागरी छपाई सुरू केली, तेव्हा पुण्यात अजून पेशवे होते. हे सगळं आपल्या शाळेत का आलं नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तिथे गेले आणि १८५५ पर्यंत ते घराणं टिकलं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त!

मुक्काम तंजावरलाच करा.

शिल्पवेध:

मोडीवेडांशी सहमत, पण एक रात्र तरी कुंभकोणमला काढा. तंजावरपासून जेमतेम ४० किलोमीटर. दारासुरम तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे. दुसऱ्या राजराजाच्या काळातलं बाराव्या शतकातलं हे ऐरावतेश्वर मंदिर तंजावरपेक्षा लहान, त्यामुळे आईंना झेपेल. पुढचा मंडप रथाचा, दगडी चाकं आणि उधळलेले घोडे. एका शिल्पात हत्ती आणि बैल दोघांना मिळून एकच डोकं आहे. एकाचं अंग हाताने झाकलं की दुसरा दिसतो. मुलाला हे आधी सांगू नका, त्यालाच शोधू द्या.

दुसऱ्या सकाळी गंगैकोंडचोळपुरम, तिथून साधारण ३५ किलोमीटर. तंजावरच्या राजराजाचा मुलगा राजेंद्र चोळ, त्याचं मंदिर. वडिलांच्या विमानाच्या रेषा सरळ वर जातात, मुलाच्या आत वळतात, उंचीही कमी. दोन्ही लागोपाठच्या दिवशी पाहिली तरच हा फरक मनात बसतो. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला मूर्ती घडवणारे ओतारी मेणाचा साचा करून त्यावर कावेरीची माती कशी लिंपतात ते बघायला मिळतं. नवग्रहांची नऊ मंदिरं एवढ्यात नकोत.

कावेरीकाठची:

माझं माहेर तंजावरचं. आम्ही घरात अजून मराठी बोलतो, तुम्हाला ती जुनी आणि तमिळ हेल असलेली वाटेल. तुमच्या आई एवढ्या ओढीने येताहेत हे वाचून बरं वाटलं.

दोन गोष्टी सुचवते. मट्टु पोंगलला, म्हणजे संक्रांतीनंतर एक-दोन दिवसांत, बृहदीश्वरासमोरच्या मोठ्या नंदीला भाज्या, फळं आणि मिठायांनी सजवतात. अख्ख्या दगडाच्या त्या नंदीवर वांगी-दुधीभोपळ्याच्या माळा बघायच्या असतील तर तारीख तशी धरा. गर्दी मात्र होते, आईंना त्या दिवशी शिलालेखाकडे नेऊ नका, दुसऱ्या सकाळी न्या. आणि पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला जाऊन या. शहराला लागून आहे, आणि देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं अशी परंपरा आहे. आमच्या आजीची ओटी तिथेच भरली जायची. पौष वद्य पंचमी साधली तर १३ किलोमीटरवर तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची आराधना असते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच प्रसिद्ध रचना, गातात.

वेण्णाकाठ:

परवा परत आलो. सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं. तीन रात्री तंजावर, एक कुंभकोणम, नवग्रह रद्द. त्यागराजांची तिथी हुकली, नंदीची सजावट मिळाली. गंगैकोंडचोळपुरमला आई बाहेरच्या हिरवळीवर बसली, पायऱ्या तिला नको झाल्या. दारासुरमचा हत्ती-बैल मुलाला चाळीस मिनिटांनी सापडला.

शिलालेखापाशी सकाळी सातला पोचलो. घडीची खुर्ची नेली होती, रखवालदाराने भिंतीपासून थोडं लांब ठेवायला सांगितलं. आईला आधी काहीच लागेना. चष्मा पुसला, पुन्हा लावला, भिंतीला हात न लावता हवेत बोट फिरवत राहिली, वर्गात फळ्यावर फिरवायची तसं. मग म्हणाली, "राजे." खालच्या ओळीत पुन्हा "राजे". तिसऱ्या ठिकाणी मुलाने आधी ओळखलं. दोघांची अक्षर लावण्याची शर्यतच सुरू झाली, नऊ कधी वाजले कळलं नाही.

मोडीवेडा, आईला आता मोडी शिकायचीय. सुरुवात कुठून करायची?