मदत हवी आहे: बॅटरी बदलू की नवा फोनच घेऊ?

फोन २०२१चा, ६ जीबी रॅम. अँड्रॉइड १३वर थांबलाय, सिक्युरिटी अपडेट गेल्या वर्षीपासून बंद. सकाळी फुल चार्ज, दुपारी दोनला वीस टक्के. आपल्या सोलापूरच्या उन्हात तर तवाच होतो. फॅक्टरी रीसेट केलं, चार्जर-केबल बदलून पाहिली, काही फरक नाही. बॅटरी फुगलेली नाही, फोन पाण्यात पडलेला नाही.

नवी पेठेत बॅटरीचे १,४०० सांगितले. ओरिजिनल का विचारलं, तर दुकानदार नुसता हसला.

वापर म्हणजे गिऱ्हाइकांना चादरींचे फोटो पाठवणं आणि यूपीआय. गेम नाही. नव्यासाठी बजेट १५ हजार, हप्ते नकोत.

बॅटरी टाकायला तयार आहे, पण अपडेट बंद झालेल्या फोनवर आणखी दोन वर्षं यूपीआय वापरणं कितपत सुरक्षित?